खटका कुणाच्या हाती?

अमेरिकन ऑटोमॅटिक गाड्यांच्या गॅरेजांत एक बखर चांगली रुळली आहे. १९८० नंतर गाड्यांत कॉम्प्युटर आला, त्याने टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअप आपल्या ताब्यात घेतलं, आणि मग कुणा हिकमती मेकॅनिकने डॅशबोर्डखाली साधा खटका बसवून ते त्याच्याकडून हिसकावून घेतलं. ऐकायला झकास आहे. नायक आहे, खलनायक आहे, आणि दोन तारा जोडल्या की विजय. पण अस्सल कागद समोर मांडले की बखरीचं नेहमी जे होतं तेच इथेही होतं. क्रम उलटा लागतो. खटका आधी ड्रायव्हरच्या हातात होता, कॉम्प्युटर फार पुढचा.

कागद म्हणजे पेटंट, बसच्या ताफ्यांच्या याद्या, अमेरिकन काँग्रेसचा एक कायदा आणि कारखान्यांनी मेकॅनिकांसाठी छापलेल्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या वायरिंगच्या आकृत्या. यातलं एकही साधन इतिहास सांगण्यासाठी जन्माला आलेलं नाही, म्हणूनच त्यांच्यावर भिस्त ठेवता येते. बसच्या मॉडेलपुढे एक अक्षर लिहिणाऱ्या कारकुनाला कुणाची थोरवी गायची नव्हती.

सर्वांत जुना कागद जर्मन आहे. श्टेटिनच्या (आजचं पोलंडमधलं श्चेचिन) व्हल्कान जहाज कारखान्यातला इंजिनिअर हेरमान फ्योटिंगर याने १९०५ साली द्रवाच्या प्रवाहातून शक्ती पोचवणाऱ्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. मोटारगाडी त्याच्या डोक्यातही नव्हती. त्याची अडचण जहाजाची होती. वाफेची टर्बाइन झपाट्याने फिरायला हवी, जहाजाचा पंखा सावकाश, आणि दोघांना जोडणारे एवढ्या ताकदीचे दातेरी गिअर त्या काळी भरवशाचे नव्हते. फ्योटिंगरने दात काढूनच टाकले. इंजिनाने पंप फिरवायचा, पंपाने द्रव फेकायचा, त्या द्रवाने समोरची टर्बाइन फिरवायची, आणि मध्ये जागच्या जागी बसवलेल्या पात्यांनी प्रवाहाला असं वळण द्यायचं की वेग कमी होईल पण पिळाचा जोर वाढेल. टॉर्क कन्व्हर्टर तो हाच. १९१३ साली बांधलेल्या ‘क्योनिगिन लुइझ’ या सहलीच्या जहाजात तो बसवला होता. पुढच्याच वर्षी ते जहाज सुरुंग पेरण्याच्या कामाला जुंपलं गेलं आणि ५ ऑगस्ट १९१४ रोजी, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, बुडालं. तोवर जहाजांसाठी चांगले दातेरी गिअर तयार होऊ लागले होते आणि फ्योटिंगरचं यंत्र मागे पडू लागलं होतं. कारण एकच. द्रवातून जाताना शक्तीचा काही वाटा उष्णता होऊन वाया जातो. ताक फार वेळ घुसळलं की कोमट होतं, तसलाच हा प्रकार, फक्त इथे घुसळणारं इंजिन शेकडो अश्वशक्तीचं.

लॉकअपचा पुढचा सगळा इतिहास या वाया जाणाऱ्या वाट्याचा आहे. गाडी थांबलेली असताना किंवा जोर लागत असताना कन्व्हर्टरसारखा सोबती नाही. इंजिन बंद पडत नाही, हिसका बसत नाही. गाडी वेगात आली की तोच सोबती ओझं होतो. तेव्हा त्याला बाजूला सारून इंजिन थेट चाकांशी बांधायचं, एवढंच लॉकअपचं काम. प्रश्न उरतो तो बांधायचं कधी आणि ठरवायचं कुणी, हा.

या प्रश्नाचं पहिलं ठळक उत्तर ब्रिटिश बसच्या याद्यांत सापडतं. लेलँड कंपनीने १९३३च्या सुमारास दुमजली टायटन बसमध्ये लायशोल्म-स्मिथ कन्व्हर्टर बसवायला सुरुवात केली. आल्फ लायशोल्म हा स्वीडिश टर्बाइन इंजिनिअर. या बस ताफ्याच्या यादीत ओळखायची खूण म्हणजे मॉडेलच्या शेवटी लावलेलं छोटं ‘सी’: टीडी३सी, टीडी४सी. बसच्या तोंडावर, रेडिएटरच्या जाळीवर, ‘गिअरलेस’ अशी पाटी असे. आत तेलाऐवजी केरोसीनमध्ये थोडं वंगण मिसळून भरलेलं असे, आणि ड्रायव्हरच्या हाताशी एक दांडी. दांडी एका बाजूला सारली की इंजिन कन्व्हर्टरला जोडलं जाई. बस सुटून ताशी २० मैलांच्या आसपास आली की ड्रायव्हरने दांडी दुसऱ्या बाजूला सारायची. मग कन्व्हर्टर बाजूला पडे आणि इंजिन सरळ मागच्या चाकांकडे.

म्हणजे कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी ब्रिटनमधले बस ड्रायव्हर दिवसातून शेकडो वेळा हाताने लॉकअप करत होते. त्यात मर्दुमकी नव्हती, ती रोजची ड्युटी होती. शिवाय ती ऐच्छिकही नव्हती. लायशोल्म-स्मिथच्या तीन टप्प्यांच्या टर्बाइनमध्ये दिशा देणारी पाती पक्की बसवलेली होती, त्यामुळे वेग वाढला की कार्यक्षमता झपाट्याने घसरे. ड्रायव्हरने दांडी सारायला उशीर केला की इंधन जाळत बसायचं. या बस गिअरवाल्या बसपेक्षा जास्त इंधन पितात ही तक्रार त्यांच्या पाठीमागे कायम राहिली. त्यातला काही वाटा यंत्राचा आणि काही ड्रायव्हरच्या हाताचा असणार, असं दांडीची रचना पाहून मला वाटतं.

जर्मनीत, कार्ल्सरूहच्या मंडळींनी, याच अडचणीवर वेगळा तोडगा काढला होता. ट्रिलोक नावाच्या रचनेत दिशा देणारी पाती एका बाजूलाच फिरू शकणाऱ्या क्लचवर बसवली. जोर हवा तेव्हा ती अडून राहतात, वेग आला की प्रवाहाबरोबर मोकळी फिरतात, आणि मग घसरण काही टक्क्यांवर येते. पुढच्या बहुतेक मोटारींनी हीच वाट धरली आणि त्यामुळे लॉकअप ही गरज न राहता चैन झाली. १९४८ची ब्यूइक डायनाफ्लो लॉकअपशिवायच रस्त्यावर आली आणि लोकांनी ती हौसेने घेतली. पेट्रोल स्वस्त होतं.

तरीही दोन अमेरिकन कंपन्यांनी ही चैन केली. १९४९ साली पन्नाशीत आलेल्या पॅकार्डने अल्ट्रामॅटिक आणला. त्यात टॉर्क कन्व्हर्टर होता आणि त्यावर थेट जोडणारा क्लचही. १९५० साली स्टुडबेकरनेही बोर्ग-वॉर्नरबरोबर विकसित केलेल्या आपल्या ऑटोमॅटिकमध्ये तसाच क्लच दिला. लेलँडची दांडी इथे नाहीशी झाली. अल्ट्रामॅटिकमध्ये क्लच कधी लागायचा हे तेलाचा दाब ठरवी. हलक्या पायाने चालवलं तर ताशी १५ मैलांच्या आसपास, पाय गच्च दाबून ठेवला तर ५५च्या आसपास. ड्रायव्हरच्या हातातला निर्णय पायात उतरला, आणि तोही आडून. पाय तळापर्यंत दाबला की क्लच सुटून कन्व्हर्टर परत कामाला लागे. मॅकफार्लंड या पॅकार्डच्या इंजिनिअरच्या हाताखाली या गिअरबॉक्सच्या पुढच्या आवृत्तीवर काम करणाऱ्यांत जॉन डिलोरियन नावाचा एक तरुण होता. पुढे त्याने स्वतःच्या नावाची, पंखांसारखी दारं उघडणारी गाडी काढली आणि तिच्यापायी बुडाला, पण ती कथा निराळी.

दोन्ही प्रयोग टिकले नाहीत. स्टुडबेकरने १९५६च्या गाड्यांसाठी त्याहून स्वस्त गिअरबॉक्स घेतला. पॅकार्डचा डेट्रॉइटमधला कारखानाच १९५६ साली थांबला. त्यानंतर वीसेक वर्षं अमेरिकन मोटारींतून लॉकअप जवळपास गायब आहे. अवजड ट्रकांच्या गिअरबॉक्समध्ये ते जगत राहिलं, कारण ट्रकमालक इंधनाचा हिशेब ठेवतो.

मोटारवाल्यांना तो हिशेब ठेवायला लावला एका कायद्याने. १९७३च्या तेलबंदीनंतर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी २ जानेवारी १९७४ रोजी हमरस्त्यांवरची वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आणणाऱ्या कायद्यावर सही केली. २२ डिसेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ज्यावर सही केली तो ऊर्जा धोरणाचा कायदा, ९४व्या काँग्रेसचा १६३ क्रमांकाचा, आपल्या कामाचा आहे. त्यात प्रत्येक कंपनीच्या मोटारींची सरासरी ठरवून दिली होती. १९७८च्या मॉडेलांना गॅलनला १८ मैल, १९७९ला १९, १९८०ला २०, आणि १९८५पर्यंत २७.५. चुकलात तर दंड. सरासरीत गॅलनमागे मैलाचा दहावा भाग कमी पडला की विकलेल्या प्रत्येक गाडीमागे ५ डॉलर.

हा ५ डॉलरचा आकडा मला या साऱ्या दप्तरातला सर्वांत बोलका वाटतो. गणित करून पाहा. अर्ध्या मैलाने चुकलेल्या कंपनीला गाडीमागे २५ डॉलर, आणि दहा लाख गाड्यांमागे अडीच कोटी डॉलर. कन्व्हर्टरमध्ये उष्णता होऊन जाणारे ते काही टक्के, ज्यांच्याकडे वीस वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, एका रात्रीत ताळेबंदात आले. मोजणी प्रयोगशाळेतल्या रोलरवर व्हायची. शहरी चक्राला ५५ टक्के वजन, हमरस्त्याच्या चक्राला ४५, आणि हमरस्त्याच्या चक्राचा सरासरी वेग ताशी ४८ मैलांच्या आसपास. लॉकअपला याहून सोयीचं मैदान मिळालं नसतं.

तारखा जुळवून पाहिल्या तर शंका उरत नाही. मर्यादा १९७८च्या मॉडेलांपासून लागू, आणि क्रायस्लरने आपल्या टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्समध्ये लॉकअप आणलं तेही १९७८च्या मॉडेलांत. ते अजून तेलाच्या दाबावर चालणारं, तारेशिवायचं होतं. तिसरा गिअर लागून ठरावीक वेग आला की झडप उघडायची. तार आणली जनरल मोटर्सने, १९८०च्या मॉडेलांपासून. टर्बो हायड्रा-मॅटिक ३५० या जुन्या गिअरबॉक्सच्या लॉकअपवाल्या आवृत्तीच्या नावामागे त्यांनी ‘सी’ लावला. लेलँडच्या कारकुनाचं अक्षर योगायोगाने परत आलं. १९८२च्या कॉर्व्हेटमध्ये चार गिअरचा ७००आर४ आला. हौशी लोक ज्याच्यात खटके बसवत आले तो हाच.

आता सर्व्हिस मॅन्युअलमधली आकृती जवळून बघू, कारण खटक्याचा सगळा अर्थ तिच्यात आहे. गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूला चार खुंट्यांचं एक कनेक्टर असतं, ए, बी, सी, डी. बॅटरीचे बारा व्होल्ट फ्यूजमधून ब्रेक पेडलवरच्या स्विचला येतात आणि तिथून ए खुंटीला. आत सोलेनॉइडची, म्हणजे विजेने चालणाऱ्या झडपेची, गुंडाळी. गुंडाळीचं दुसरं टोक डी खुंटीतून बाहेर येऊन तपकिरी रंगावर काळी रेघ असलेल्या तारेने कॉम्प्युटरकडे जातं. म्हणजे कॉम्प्युटर वीज पुरवत नाही, फक्त त्या तारेला अर्थ देतो, म्हणजे ती चॅसिसशी जोडतो. अर्थ मिळाला की मंडल पुरं होतं आणि सोलेनॉइड तेलाची एक वाट बंद करतो. त्याने झडप सरकते आणि कन्व्हर्टरमधला प्रवाह उलटतो. आधी तेल कन्व्हर्टरचं झाकण आणि क्लचची तबकडी यांच्या मधून आत येत असतं आणि तबकडीला झाकणापासून दूर ठेवतं. प्रवाह उलटला की मधलं तेल निघून जातं आणि मागच्या दाबाने तबकडी झाकणावर चिकटते. इंजिन आणि गिअरबॉक्सचा दांडा आता एक झाले.

मॅन्युअल सांगतं की या गुंडाळीचा रोध २० ओहमपेक्षा जास्त भरला पाहिजे. १२ भागिले २०, म्हणजे जास्तीत जास्त अर्ध्या अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह. डॅशबोर्डचा एक छोटा दिवा ओढेल तेवढाच. कॉम्प्युटरमधल्या चिमुकल्या ट्रान्झिस्टरला तो पेलावा म्हणून ही मर्यादा. पण तिचा दुसरा परिणाम असा की बाजारातला कुठलाही साधा खटका, रिलेशिवाय, हेच काम करू शकतो.

कारखान्यानेही दार किलकिलं ठेवलं होतं. मेकॅनिकला तपासणी करता यावी म्हणून डॅशबोर्डखाली जे बारा खुंट्यांचं कनेक्टर असे, त्यात बऱ्याच गाड्यांत एफ खुंटीवर तीच तपकिरी-काळी तार आणून ठेवलेली असे. एफला अर्थ दिला की कॉम्प्युटरला न विचारता लॉकअप लागतं, कारण तारेला अर्थ कुणी दिला हे सोलेनॉइडला कळत नाही. बखरीतल्या बंडखोराने काही फोडलं नाही, कारखान्याच्याच तपासणीच्या खुंटीला त्याने कायमचा खटका लावला.

लॉकअप आपल्या हाती घेण्याची गरज मुळात तीन वेगवेगळ्या लोकांना लागली, आणि बखर त्यांना एकच समजते. पहिले, ज्यांना ते नको होतं. जनरल मोटर्सच्याच १२५सी सारख्या गिअरबॉक्समध्ये सोलेनॉइड अडकला की सिग्नलला थांबताना क्लच सुटायचा नाही आणि इंजिन आचके देऊन बंद पडायचं. अनेकांनी कनेक्टर सरळ उपसून ठेवलं. हाही हाताने घेतलेला ताबाच, फक्त उलट्या दिशेने.

दुसरे, ज्यांच्या गाडीत कॉम्प्युटरच नव्हता. जुन्या शेव्हरलेमध्ये ७००आर४ बसवला की चौथा गिअर मिळतो, पण डी खुंटीला अर्थ द्यायला कुणी नाही. लॉकअप नसेल तर हमरस्त्यावर तेल तापत राहतं आणि गिअरबॉक्स लवकर आटोपतो. त्यांनी केलेली जोडणी मूळ आकृतीचीच सोपी नक्कल आहे: किल्ली फिरवल्यावर चालू होणाऱ्या तारेवर फ्यूज, मग ब्रेकचा स्विच, मग खटका, मग ए. डी सरळ चॅसिसला. ज्यांना खटका विसरण्याची भीती, ते चौथ्या गिअरच्या तेलवाटेवर एक प्रेशर स्विच बसवतात आणि इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा दुसरा, म्हणजे जोर लागताच लॉकअप सुटतं. लक्षात घ्या, १९८०च्या कॉम्प्युटर नसलेल्या गाड्यांत कारखाना बरंचसं असंच करत असे.

यातला ब्रेकचा स्विच सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक चुकणारा. ब्रेक लाइटचा नेहमीचा स्विच पेडल दाबल्यावर मंडल जोडतो. इथे उलट हवं, पेडल दाबताच तुटणारा, क्रूझ कंट्रोलला लागतो तसा. नेहमीचा लावला तर गाडी नेमकी ब्रेक मारताना लॉक होते. आणि मुळीच न लावता केवळ खटक्यावर भरवसा ठेवला तर अचानक ब्रेक मारताच चाकांबरोबर इंजिनही बंद पडतं, आणि त्याच्याबरोबर पॉवर स्टिअरिंगही जातं.

तिसरे लोक डॉजचा पिकअप चालवणारे. १९८९पासून या पिकअपमध्ये ५.९ लिटरचं कमिन्स डिझेल मिळत होतं, पण त्याच्या ऑटोमॅटिकला लॉकअप मिळालं १९९४च्या ४७आरएच गिअरबॉक्सबरोबर. मागे घोड्यांचा किंवा गुरांचा ट्रेलर, समोर रॉकी पर्वताचा उतार. घाटात गाडी गिअरमध्ये ठेवून उतरवायची हे बोरघाटातल्या ट्रक ड्रायव्हरला सांगावं लागत नाही. इथे मात्र अडचण अशी की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की कॉम्प्युटर लॉकअप सोडून देतो. मग चाकांकडून येणारा जोर कन्व्हर्टरमधून उलटा जायला बघतो. त्याची पाती त्या दिशेसाठी घडवलेलीच नाहीत, म्हणून तो घसरतो. इंजिनचे फेरे पडतात, आणि धूर अडवून इंजिनला ओढ लावणारा एक्झॉस्ट ब्रेक बसवला असला तरी निकामी ठरतो. या मंडळींनी कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या लॉकअपच्या तारेला खटक्यातून अर्थ दिला, आणि एक्झॉस्ट ब्रेक उताराला धरू लागला. तिघांतली ही गरज मला सर्वांत सबळ वाटते. इंधन वाचवण्यासाठी आखलेली चाल उतारावर सुरक्षेच्या आड येत होती. अर्थात याच खटक्याने चढावर टर्बोच्या पूर्ण जोरात लॉकअप धरून ठेवून क्लचचं अस्तर जाळणारेही कमी नव्हते.

या साध्या जोडणीचा काळ १९९०च्या दशकात सरत गेला. ७००आर४चं नाव १९९०मध्ये ४एल६० झालं, १९९३मध्ये त्याला ई लागला, म्हणजे गिअर बदलणंही कॉम्प्युटरकडे गेलं. १९९५पासून त्याच्या लॉकअपचा सोलेनॉइड नुसता चालू-बंद राहिला नाही. सेकंदाला अनेकदा उघडझाप करून कॉम्प्युटर क्लचचा दाब मोजून-मापून देऊ लागला. आता लॉकअपच्या तारेला कायमचा अर्थ दिला तर कॉम्प्युटरच्या नोंदीत ती चूक ठरते आणि डॅशबोर्डवर दिवा पेटतो.

डॉजच्या बाजूने कारखान्याने स्वतःच हात पुढे केला. २००७मध्ये ६.७ लिटरच्या कमिन्सबरोबर आलेल्या पिकअपमध्ये एक्झॉस्ट ब्रेक टर्बोतच घडवलेला होता, आणि त्याचं बटण डॅशबोर्डवर. ते दाबलं की पाय उचलल्यावरही लॉकअप धरून ठेवलं जातं. तार मात्र त्या बटणापासून सोलेनॉइडपर्यंत जात नाही. ती कॉम्प्युटरपाशी थांबते, आणि वेग फार उतरला की लॉकअप सोडायचं ते कॉम्प्युटरच ठरवतो.